गोठ्याच्या कवेलूंवर चढलेला वाल

फोटो

डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि उजव्या बाजूच्या एका पांढुरक्या डागावर पेन्सिल टेकवली. "हे पाहा," ते म्हणाले. मी पाहिले. पावसाळ्याच्या शेवटी आमच्या तलावावर जे धुके पडते, तसे ते मला दिसले. ते पुढे काय बोलले त्यातले अर्धे मला आठवत नाही. एवढेच आठवते की मी, शाळेत मुलांना "समजले नाही तर पुन्हा विचारा" असे रोज सांगणारा मास्तर, काहीच न विचारता "होय साहेब" म्हणत राहिलो.

क्षय. हा शब्द डॉक्टरांनी एकदाच उच्चारला. नंतर ते 'तुमची तक्रार' म्हणत होते. त्या सभ्यपणाबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. घरी परतल्यावर आमच्या आळीने त्याला इतकी नावे दिली की 'तक्रार' हा शब्द मला थंड पाण्यासारखा आठवे.

हे लिहितो आहे ते माझ्यासारख्याच खाटेवर पडलेल्यांसाठी. औषधांविषयी मी काही सांगणार नाही, ते सांगायला डॉक्टर आहेत. पडून राहणे कसे असते, आणि आपण पडलेले असताना घरातल्या माणसांचे काय होते, एवढेच सांगणार आहे.

वॉर्ड

तेव्हा नागपूर ही आमच्या प्रांताची राजधानी होती आणि मोठा दवाखाना म्हणजे नागपूरच. तिथल्या वॉर्डात मला काही आठवडे ठेवले. पहाटे थर्मामीटर, मग सुई, मग पांढऱ्या पुड्या. त्या पुड्यांची चव जिभेवर दुपारपर्यंत टिकत असे. दुपारी सक्तीची विश्रांती. म्हणजे सकाळपासून जी चालू होती तीच, फक्त बोलायचे नाही. शेजारच्या खाटेवर उमरेडकडचे एक विणकर होते. त्यांचा हात झोपेतही धोटा फेकल्यासारखा हले आणि नर्स तो हळूच पांघरुणाखाली ठेवी. मला वाटे, निदान यांच्या हाताला आपले काम आठवते. माझे काम बोलणे, आणि बोलायचीच बंदी.

खाटा कमी आणि आजारी जास्त, म्हणून थोडा उतार पडताच मला घरी पाठवले. निघताना डॉक्टरांनी बजावले, "उन्हाळा येईपर्यंत झोपूनच राहायचे असे धरून चला. मध्ये फोटो काढू. जड उचलायचे नाही, वाकायचे नाही. हातसुद्धा डोक्याच्या वर न्यायचा नाही. फुप्फुसाला आराम म्हणजे हाताला आराम."

"टोपी घालायला?" मी विचारले. दवाखान्यात मी केलेला हा एकच विनोद.

"टोपी घालून जाणार कुठे आहात?" डॉक्टर म्हणाले.

खाट

आमचे गाव नागभीडजवळ. घर मासे धरणाऱ्यांचे. वडील मी कॉलेजात असतानाच गेले. काका तलावात जाळे टाकतात आणि माझी माय ते मासे टोपलीत घेऊन दारोदार विकते. त्याच टोपलीवर मी नागपूरला राहून बी. ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेले नव्हते. मी गावच्या शाळेत मास्तर झालो तेव्हा मायने टोपली सोडावी असे मी सुचवले होते. ती म्हणाली, "सोडून काय करू? तुह्या पुस्तकाले चाटू?"

माझी खाट घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, गवती छपरीखाली टाकली. हवा हवी, असे डॉक्टरांनीच सांगितले होते. माझा पेला वेगळा, ताट वेगळे, थुंकीसाठी झाकणाचा डबा, त्यात फिनेल. हे सगळे माझी बायको शांता करी. तोंडावर पदर न घेता ती जवळ येऊन बसली की मी तिच्यावर चिडत असे. ती म्हणे, "अजी, रागावल्यानं बी दम लागते, असं त्या डॉक्टरनं नाई सांगितलं का?"

खाटेवरून मला तीन गोष्टी दिसत. डावीकडे भाजीचे वाफे. समोर वालाचा मांडव. त्याच्या पलीकडे बांबूचे कुंपण आणि त्याला लागून शेजारच्या अनसूयाबाईंचा गोठा, उतरत्या कवेलूंचा, म्हणजे कौलांचा. थंडी संपेपर्यंत माझे सारे जग एवढेच होते.

वाफे

डॉक्टरांनी हिरव्या भाज्या खायला सांगितल्या होत्या, म्हणून त्या वर्षी दसरा झाल्यावर मायने आणि शांताने सांदवाडी नेहमीपेक्षा दुप्पट मोठी केली. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, मुळा, लसूण आणि थोडे टमाटर. वांगी आणि वाल पावसाळ्यातच लावलेले होते, आणि वाल मांडवभर पसरला होता.

मी खाटेवरून सूचना देत होतो. ओळी सरळ हव्यात, बी फार खोल नको, पाणी सकाळी द्या. एकदा मेथीचे बी मुंग्या ओढून नेत होत्या. मला त्या स्पष्ट दिसत होत्या, एकामागे एक, प्रत्येकीच्या तोंडात एक दाणा. शांता विहिरीवर होती, माय बाजारात. वाफा माझ्या खाटेपासून हात लांब केला तर लागावा इतका जवळ. मी सकाळभर माझी मेथी वारुळात जाताना पाहिली. शांता आल्यावर मी तिच्यावर ओरडलो. ओरडल्यामुळे खोकला आला, खोकल्यामुळे ती घाबरली, आणि मेथीचे राहूनच गेले. दुसऱ्यांदा पेरताना तिने वाफ्याभोवती राख टाकली आणि मला म्हणाली, "आता मुंग्यायले शिकवा. मी तुमच्या वर्गात नाई."

पण खरा त्रास मुंग्यांचा नव्हता.

मी नागपूरहून परतल्यापासून मायची टोपली भरलेलीच परत येऊ लागली. आधी तिने सांगितले नाही. मी विचारले तर म्हणे, "आज बाजार थंडा होता." मग एक दिवस काका माझ्यासमोरच बोलून गेले, "कोन घेईन? लोक म्हन्ते, घरात टीबी हाय आन् त्याच घरची मासोळी." माय त्यांच्याकडे अशी पाहत राहिली की ते उठून गेले.

झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, वाळवून ठेवता येतात. ते तिने सुपात पसरून वाळवले आणि मडक्यात भरले. ओल्या मासोळीचे मात्र काही करता येत नाही. उरलेली मासोळी ती संध्याकाळी वांग्याच्या बुडाशी खड्डे करून पुरू लागली. आमच्याकडे माशांची डोकी आणि खवले वेलाच्या बुडाशी घालतातच. त्याने वेल जोरात येतो. पण अख्खी, ताजी, विकायची मासोळी मातीत घालताना मी आमच्या घरात कधी पाहिली नव्हती. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून शांता वर बोराटीचे काटे ठेवी आणि दगड दाबून ठेवी.

वारा तिकडून आला की तो वास माझ्या खाटेवर येई. पुड्यांनी आधीच मळमळत असे. पण मी तक्रार करू शकत नव्हतो. कोणाच्या आजारामुळे ती मासोळी तिथे होती, हे मला माहीत होते. रोज संध्याकाळी खुरप्याचा आवाज आला की मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचे सोंग करी.

आणि वांगी अशी आली की तसली मी पुन्हा पाहिली नाहीत. देठापर्यंत चकचकीत, काळीजांभळी. मेथी वीतभर. वाल तर शेंगांनी लगडलेला. एका सकाळी सुई द्यायला सायकलवरून आलेला कंपाउंडर मांडवाखाली थांबून म्हणाला, "मास्तर, खत काय घालता?"

मी उत्तर दिले नाही. मायने दिले. "गिऱ्हाईक," ती म्हणाली.

पहिला तोडा

आमच्या आळीत एक रीत आहे. घरच्या वाडीतला पहिला तोडा आधी शेजारच्या चुलीवर चढतो, मग आपल्या. विकत नाहीत, मोजत नाहीत, नेऊन देतात. ती रीत कोणी घातली कोणास ठाऊक, पण ती मोडलेली मी पाहिली नव्हती. त्या वर्षी तर मायने त्या रीतीवर फार आशा ठेवली होती. मासे नाही तर नाही, भाजी कोणी नाकारत नाही, असे तिला वाटत होते. घरची भाजी चालली म्हणजे घरची माणसेही चालतील, मग हळूहळू टोपलीही जाईल. त्या दिवशी तिने धुतलेले लुगडे नेसले.

मेथीच्या जुड्या ती जाळे विणायच्या सुताने बांधते, आणि गाठही जाळ्याचीच मारते, हात तसाच वळला आहे म्हणून. मेथी आणि वांगी सुपात घेऊन ती आधी अनसूयाबाईंकडे गेली.

अनसूयाबाई कोण, हे सांगितले पाहिजे. माझ्या जन्माच्या वेळी मायच्या उशाशी त्याच बसल्या होत्या. दोघी एका वर्षी या आळीत सुना म्हणून आल्या. मायची टोपली रोज आधी त्यांच्या दारात उतरे आणि मग पुढे जाई. त्यांनी घेतले की आळीतल्या बाकीच्या बायका घेत, असा तो शिरस्ताच पडला होता. दवाखान्यातून मी आलो तेव्हापासून टोपली त्यांच्या दारावरून सरळ पुढे जात होती.

कुंपणापलीकडचे बोलणे मला ऐकू आले. "अवं भागरता, कितीक आनली? बस झाली, बस झाली." भागरता हे मायचे नाव. गोड आवाज. माय परत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. "घेतली," ती शांताला म्हणाली, मला ऐकू जाईल असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाच्या फटीतून मला गोठ्यातली गाय दिसली. ती सावकाश चावत होती. तिच्या तोंडातून हिरव्या काड्या बाहेर आल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर सुताचे एक टोक लोंबत होते. त्याला जाळ्याची गाठ होती.

मी मान वळवली तर माय माझ्या खाटेमागेच उभी होती, दुधाचा पेला घेऊन. तिने पेला ठेवला. "सूत पोटात गेलं त गाय मरन," ती म्हणाली. मग कुंपणाशी जाऊन मोठ्याने हाक मारली, "अनसूया, गायीच्या तोंडातलं सूत काढ." आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली.

त्या दुपारी तिने शांताला सांगितले की आपले एक पानही तिकडे जाता कामा नये. वालाचे शेंडे गोठ्याकडे धावत होते. ते रोज परत आपल्या मांडवावर वळवायचे. शांता पाटावर उभी राहून रोज ते वळवू लागली. वालाला त्याचे काय? त्याला सूर्य तिकडे दिसत होता.

माझे व्याख्यान

मी शिकलेला होतो. मला वाटले, हे समजावून सांगण्याजोगे आहे. अनसूयाबाई गोठ्यात शेण काढायला आल्या की मी खाटेवरून बोलायला लागलो. जंतू खोकल्यातून जातात, म्हणून मी इथे दूर पडलो आहे. मेथीतून जात नाहीत, मासोळीतून जात नाहीत. शिजवल्यावर तर कशातूनच नाही. मी तळ्यावर गेलेलो नाही, मी भाजीला हात लावलेला नाही. मी हे हळू, क्रमाने, उदाहरणे देऊन सांगितले. वर्गात याला मी चांगला पाठ म्हटले असते.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "तू शिकला हायेस बाबू. तू म्हन्तेस त खरंच असन."

"मग?"

"मंग काय. माह्या देराले याच बिमारीनं नेलं. याच गोठ्याच्या बाजूले खाट होती त्याची. तवा बी एका शिकल्या मानसानं सांगितलं होतं, काही नाई होत म्हून. माह्या घरी आता दोन नातवंडं हायेत." त्यांनी शेणाची पाटी उचलली. "तू बरा हो. मी देवाले रोज म्हन्ते."

त्यांच्या दिराच्या वेळी ही सुई नव्हती, हे खरे. पण त्यांची भीती खोटी नव्हती, हेही खरे. मी खोकत होतो, आणि माझ्याच घरातून टोपली निघत होती. एखादा माणूस दुष्ट असला तर त्याच्यावर रागावता येते. भल्या माणसावर रागावताच येत नाही, आणि तो राग मग खाटेवर आपल्याशेजारीच झोपतो. त्या आठवड्यात मी शांताशी तीनदा भांडलो. एकदा तर दूध कोमट का, यावरून.

हात

मार्गशीर्षात एके दुपारी घरात कोणी नव्हते. मी डोळे मिटून पडलो होतो. कवेलू वाजले. डोळे उघडून पाहतो तर गोठ्याच्या छपराच्या कडेवर एक हात आलेला, हिरव्या बांगड्यांचा, मनगटावर गोंदण. तो हात कवेलूंवरून चाचपत पुढे सरकला. शांताच्या नजरेतून सुटलेला वालाचा एक शेंडा तिथे कवेलूंच्या खाचेत शिरून फळला होता. हाताने एक शेंग तोडली, मग दुसरी, मग भराभर. तोडायची पद्धतही मी ओळखली. देठाशी नख लावून, म्हणजे वेलाला हिसका बसत नाही. माझ्या मायची हीच पद्धत. दोघी एकत्रच शिकल्या असणार.

मला खोकला येत होता. मी तो उशीत तोंड खुपसून दाबला.

संध्याकाळी पलीकडून लसणाच्या फोडणीचा आणि वालाचा वास आला.

मला आधी रागच आला. तोच वेल. तेच मूळ. त्याच मुळाशी आमची मासोळी. त्याच मांडवाखाली माझी खाट. सुपातून दिलेले गायीला, आणि छपरावर आलेले पानात? कुठल्या शास्त्रात हे बसते? मी मनातल्या मनात त्यांना पुन्हा सगळा पाठ दिला, पहिल्यापेक्षा चांगला. आणि तो देता देता आळीतली दुसरी रीत मला आठवली, जी लहानपणी भांडणात आम्ही हजारदा ऐकली होती: वेल ज्याच्या छपरावर, शेंग त्याची. सुपातली भाजी आजाऱ्याच्या घरची होती. कवेलूंवरची शेंग अनसूयाबाईंची स्वतःची होती. ती त्यांना कोणी दिलेली नव्हती.

शांताला मी सांगितले. ती तोंडावर पदर धरून हसली. मी आजारी पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, आणि तेवढ्यासाठी मी अनसूयाबाईंना निम्मी मेथी माफ केली.

"मंग आता?" ती म्हणाली.

"आता शेंडे वळवू नकोस."

"आन् माय?"

"हात पुरत नाही, असे सांग."

दोन-चार दिवस निभले. मग मायने मांडवाकडे पाहिले. "हे शेंडे काऊन तिकडं जाऊन राह्यले?"

"हात नाई पुरत माहा," शांता म्हणाली.

"इतके दिवस पुरत होता. आता काय खुजी झाली?" आणि माय स्वतः पाटावर चढली. तिने ओढलेला पहिलाच शेंडा मधोमध तुटला, फुलांसकट. मला राहवले नाही. मी सगळे सांगितले.

ती तुटका शेंडा हातात धरून उभी राहिली. "देल्लं त गायीले टाकते," ती म्हणाली, "आन् चोरून खाते?"

"चोरून नाही, माय. छपरावरचं तिचंच. तूच सांगायचीस."

"ते कोहळ्याचं सांगत होती मी. आपल्या वेलाचे कोहळे तोडाले तू तिच्या छपरावर चढत होता, म्हून."

"वालाला वेगळा कायदा आहे का?"

ती पाटावरून उतरली. तुटक्या शेंड्याच्या शेंगा सोलून दाणे पदरात टाकत राहिली. मग म्हणाली, "खाऊ दे मंग. पन मी माह्या हातानं एक बी वेल वर टाकनार नाई. सांगून ठेवते."

"नको टाकू."

"शांता बी टाकनार नाई."

म्हणजे उरलो मी. आणि मला हात डोक्याच्या वर नेण्याची बंदी. जुने शेंडे मांडवावर इतके दिवस वळवून वळवून घट्ट गुंतले होते. ते सोडवून कोणी उचलून टाकल्याशिवाय कवेलूंपर्यंत पोचणार नव्हते. छपरावरच्या शेंगा एकदा संपल्या. मी खाटेवरून ते रिकामे कवेलू पाही, आणि हाताच्या अंतरावरच्या त्या मेथीच्या वाफ्याची आठवण होऊन दात खाई. संध्याकाळी खुरप्याचा आवाज येतच होता.

परवानगी

पौषात मला छोट्या गाडीने, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेने, पुन्हा नागपूरला नेले. फोटो खिडकीशी धरला गेला. पेन्सिल त्याच जागी टेकली, पण या वेळी डॉक्टरांना ती जागा थोडी शोधावी लागली. "उतरतो आहे," ते म्हणाले. थुंकीतही काही सापडले नव्हते. औषध चालू ठेवायचे, शाळा अजून नाही. पण उठून बसायचे, अंगणात चालायचे, हलके काम हळूहळू.

या वेळी मी विचारले. "हात वर नेला तर चालेल?"

"टोपी घालायला?" त्यांच्या लक्षात होते.

"वाल चढवायला."

त्यांनी फोटो पुन्हा एकदा उजेडात धरला. मग म्हणाले, "सावकाश. आणि दम लागला तर वाल तिथेच सोडा."

ज्यांना अशी परवानगी अजून मिळालेली नाही त्यांना मी खोटे सांगणार नाही. ती मिळाल्यावर आनंद होतो असे मला वाटले होते. प्रत्यक्षात घरी आल्यावर पहिल्या सकाळी मी मांडवाखाली उभा राहिलो तर माझे पाय माझे नव्हते. गवतावर दहिवर होते, तळवे गारठले. मांडवाला धरून मी एक शेंडा सोडवला. त्याने आपल्याभोवती आणि शेजारच्या शेंड्यांभोवती इतके वेढे घातले होते की एवढ्यानेच मी थकलो. बसलो. मग उठून हात वर नेला. खांद्यात कळ आली. पण हात गेला. शेंडा कवेलूंच्या कडेला ठेवला. तो घसरून परत आला. पुन्हा ठेवला, आणि खाचेत दाबला. मग खाली बसून मी किती तरी वेळ नुसता श्वास घेत राहिलो.

माय चुलीजवळून पाहत होती. थोड्या वेळाने बाहेर आली आणि शांता ज्या पाटावर उभी राहत असे तो पाट मांडवाच्या आणखी जवळ सरकवून गेली.

मी रोज थोडे शेंडे टाकत गेलो. पौषाच्या उन्हात ते कवेलूंवर पसरले, जांभळ्या फुलांनी भरले, शेंगा धरल्या. हात येई, शेंगा जात. मी खोकला दाबत असे. पुढे पुढे तो दाबावा लागण्याइतका येईनासा झाला. पण अनसूयाबाई कुंपणावरून मायशी एक शब्द बोलल्या नाहीत, आणि टोपली तशीच भरलेली परत येत होती. मला वाटू लागले, मी गावातल्या एका घराला फुकट वाल पुरवण्यासाठी बरा झालो आहे.

झिंगे

संक्रांत होऊन बरेच दिवस झाले होते. संध्याकाळ होत आली होती आणि शांता खुरपे घेऊन वांग्याच्या वाफ्याकडे निघाली होती. तेवढ्यात कुंपणापलीकडून हाक आली.

"अवं भागरता."

माय चुलीपाशी होती. ती हलली नाही.

"झिंगे हायेत का घरात? शेंगा शिजवून राह्यली."

शांता खुरपे धरून तशीच उभी. मी खाटेवर बसलेलो, आणि मला वाटले की आता माय जे तोंडाला येईल ते बोलणार आणि थंडीभराची माझी मेहनत तिथेच मोडणार.

माय उठली. मडक्यातून ओंजळभर वाळलेले झिंगे काढले, पळसाच्या पानात बांधले, वरून जाळ्याची गाठ मारली. कुंपणाशी गेली. "वालात झिंगे नाई त मंग इतके दिवस काय नुसत्या शेंगा चावून राह्यली होती का?" ती म्हणाली.

मग अनसूयाबाईंचा आवाज, "नुसत्याच. चव कुठी येते त्याले? तुले त माहीत हाय."

"सूत काढून टाकजो. गायीले नोको देऊ."

"देल्लं होतं एकदा. चुकलं असन."

चुकले 'असेल'. याहून जास्त कोणी काही म्हटले नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. माझ्या व्याख्यानाचा तर कोणी उल्लेखही केला नाही. जंतू कुठून जातात आणि कुठून नाही, हे आमच्या आळीला आजही माझ्याकडून समजलेले नाही. याचा मला अजून राग येतो, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मायची टोपली अनसूयाबाईंच्या दारात उतरली. त्यांनी थोडीशीच मासोळी घेतली, पण दारात बसून, सगळ्या आळीला दिसेल अशी, उलटीपालटी करून, नावे ठेवत घेतली. पुढच्या घरात एकीने घेतली. त्याच्या पुढच्या घरात नाही. संध्याकाळी उरलेली वांग्याला गेली. असेच चालले, कधी जास्त, कधी कमी. मला चिडायला रोज कारण होते आणि मी ते वाया जाऊ दिले नाही.

मग एक संध्याकाळ अशी आली की शांता नेहमीप्रमाणे खुरपे आणि काटे घेऊन वाफ्याशी बसली आणि वाट पाहू लागली. मी भिंतीकडे तोंड केले नव्हते. माय आली. तिने टोपली उलटी करून दाखवली. तळाला नुसते खवले चिकटलेले, मावळत्या उन्हात चमकत होते.

तिने टोपली विसळली आणि ते पाणी वांग्यांच्या बुडाशी ओतले.

"आज एवढंच," ती झाडांना म्हणाली. "आज काई उरलं नाई."